पिंजाऱ्याची तात आणि टेनिसची रॅकेट

सेवाग्रामच्या आश्रमात जाणारा प्रत्येक जण चरखा पाहून येतो. पण चरख्याला पेळू लागतो, पेळूला पिंजलेला कापूस लागतो आणि कापूस पिंजायला तात लागते. ही तात जनावराच्या आतड्यापासून बनते. १९३७ साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिच्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची योजना तयार केली. त्या योजनेत सूतकताईबरोबर पिंजणही मुलांना शिकवायचे ठरले. आमच्या पिंजारी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला हुन्नर अशा रीतीने अभ्यासक्रमात आला.

आतड्याच्या या तारेचे दुसरे मोठे गिऱ्हाईक म्हणजे टेनिस. इंग्रजीत तिला गट म्हणतात आणि म्हणूनच रॅकेट विणण्याच्या कामाला आपल्याकडे आजही ‘गटिंग’ हाच शब्द आहे. व्यापाराच्या पानावर टेनिस कशाला, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर एवढेच की, या खेळात बक्षीस फार थोड्यांना मिळते, पण मजुरी पुष्कळ हातांना मिळते. ती मजुरी आम्ही येथे दाखवू इच्छितो.

एका आठवड्याचा हिशेब

टेनिसचा बाजार आठवड्यावर चालतो. सोमवारी स्पर्धा सुरू होते, शनिवार-रविवारी संपते आणि खेळाडू पुढच्या गावाला निघतात. १ जानेवारी २०१८ रोजी सुरू झालेला आठवडा पाहा. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धा एकाच वेळी तीन ठिकाणी होत्या : ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन, कतारमध्ये दोहा आणि आपल्या पुण्यात बालेवाडी. महिला ब्रिस्बेन, चीनमधील शेनझेन आणि न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे खेळत होत्या. ब्रिस्बेनला निक किर्गिओस, दोह्याला गाएल मोंफिस, तर पुण्यात फ्रान्सचाच जील सिमोन जिंकला. सिमोन त्या वेळी क्रमवारीत ऐंशीच्या घरात घसरला होता. तरी त्याने उपान्त्य सामन्यात मारिन चिलिचला आणि अंतिम सामन्यात केविन अँडरसनला हरवले. पुण्याचा अर्जुन कढे पहिल्याच फेरीत युकी भांब्रीकडून हरला.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. बालेवाडीच्या एकेरीत २८ खेळाडू होते. म्हणजे सामने २७, हरणारे २७ आणि जिंकणारा एक. दुहेरीत १६ जोड्या, म्हणजे १५ सामने. प्रत्येक खेळाडूने एका सामन्याला एकच रॅकेट नव्याने विणून घेतली असे धरले, तरी एकेरीच्या ५४ आणि दुहेरीच्या ६०, अशा ११४ रॅकेटी झाल्या. एका रॅकेटला सुमारे १२ मीटर तार लागते. म्हणजे एका गावात, एका आठवड्यात सुमारे १,३६८ मीटर. प्रत्यक्षात खेळाडू एका सामन्याला अनेक रॅकेटी तयार ठेवतात, त्यामुळे खरा आकडा याहून बराच मोठा. आणि विणणाऱ्याला मजुरी जिंकणाऱ्याच्या रॅकेटीचीही मिळते, हरणाऱ्याच्याही.

तळाची पायरी

या मोठ्या स्पर्धांच्या खाली चॅलेंजर आणि त्याखाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या लहान स्पर्धा दर आठवड्याला अनेक देशांत चालतात. २०१८ साली १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत विजेत्याला २,१६० डॉलर आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर मिळत. त्यात विमानाचे भाडेही निघत नाही. याच पायरीवर सट्टेबाज जाळे टाकतात. २०१८ च्या एप्रिलमध्ये एका स्वतंत्र चौकशी समितीने खालच्या स्पर्धांतील सट्टा आणि ठरवून हरण्याचे प्रकार उघड केले. मोबाइलवर आकडा लावणाऱ्या आमच्या तरुणांना आम्ही स्पष्ट सांगतो : जुगार हराम आहेच, शिवाय ज्या सामन्यावर तुम्ही पैसे लावता तो आधीच विकला गेलेला असू शकतो.

ताणा-बाणा हाच

रॅकेट विणणे म्हणजे काय, हे आमच्या विणकरांना वेगळे सांगायला नको. आधी उभ्या तारा, मग त्यांच्यातून एक वर एक खाली अशा आडव्या. १६ उभ्या आणि १९ आडव्या ही आजची प्रचलित वीण. यंत्र चौकट पकडते, प्रत्येक तार ठरलेल्या ताणाला ओढते आणि शेवटी गाठ हाताने बसते. टेनिसला ताण साधारण ५० ते ६० पौंड, बॅडमिंटनला त्याच्या निम्म्याच्या आसपास. तार न तुटताही हळूहळू सैल पडते, म्हणून खेळणारे गिऱ्हाईक परत येतेच.

बहुतेक तारा आता नायलॉन-पॉलिएस्टरच्या असतात. १९९७ साली ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन पॉलिएस्टरच्या तारांनी फ्रेंच स्पर्धा जिंकला आणि तेव्हापासून तिचा बोलबाला वाढला. फ्रान्समधील ल्योन शहरात बाबोला घराणे वाद्यांच्या तारा आतड्यापासून बनवत असे. १८७५ पासून ते टेनिसच्या तारा करू लागले, नंतर कृत्रिम तारांत उतरले आणि १९९४ मध्ये रॅकेटीही काढल्या. माल बदलला, पण तार ओळखणारा हात त्यांनी सोडला नाही. आमच्या पिंजाऱ्याकडे धनुकली होती. यंत्राची पिंजण आली, फोमच्या गाद्या आल्या, आणि तारेची पारख असलेला तो हात रिकामा झाला. दोष हुन्नराचा नव्हता. दुसरे गिऱ्हाईक शोधायचे राहून गेले.

काय करता येईल

मोठ्या स्पर्धेच्या भरवशावर धंदा उभारू नका. बालेवाडीची स्पर्धा पाच वेळा झाली, २०२३ नंतर पुण्यातून गेली आणि २०२४ पासून त्या आठवड्यात हाँगकाँगला स्पर्धा होऊ लागली. रोजचे गिऱ्हाईक शाळा-कॉलेजच्या मैदानांवर असते. वर्धा-नागपूरकडच्या तरुणाने सुरुवात बॅडमिंटनने करावी. आधी एखाद्या खेळसाहित्याच्या दुकानात बसून हात तयार करावा. नंतर वजनावर चालणारे साधे यंत्र घ्यावे, विजेवरचे महागडे यंत्र कर्जाने घेण्याची घाई करू नये. प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, ताराचा प्रकार, ताण आणि तारीख वहीत लिहावी.

एक गोष्ट विशेष. गिऱ्हाईक २४ पौंड सांगते आणि आपण २२ वर सोडतो, तर नुसत्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही. पण ताण हेही माप आहे, आणि मापात खोट करणाऱ्यांना कुरआनने कडक ताकीद दिली आहे. यंत्राचा काटा वरचेवर तपासावा. हजरत दाऊद (अलै.) राज्य असूनही स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत. जिंकणे सगळ्यांच्या नशिबी नसते. पण सांगितले तेवढेच माप देणाऱ्या हाताची रोजी हलाल असते, आणि बरकतही तिच्यातच असते.