सरहद्दीवरचे घर

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील कादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे घोडा, पिस्तूल आणि धुळीचा रस्ता एवढेच उभे राहते. याचा दोष काही अंशी चित्रपटांकडे जातो, तर काही अंशी लुई लामूर, झेन ग्रे यांच्या स्वस्त आवृत्त्यांकडे. कोठून तरी एकटा घोडेस्वार येतो, गावावरचे संकट निवारतो आणि निघून जातो, हा या कथांचा ठरीव साचा मानला जातो. परंतु जरा बारकाईने पाहिले, तर त्या एकट्या माणसामागे बहुधा एखादे घर उभे असल्याचे दिसते. लामूरच्या कादंबऱ्यांत एका सॅकेटवर संकट आले की दूरदूरचे सॅकेट हातातले काम टाकून धावतात. झेन ग्रेच्या १९१२ सालच्या ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’मधील बंदूकबाज लॅसिटर हिंडत असतो तो बहिणीची कबर शोधत, आणि नायिका जेनची खरी झुंज असते ती स्वतःच्याच मॉर्मन पंथातील धुरीणांशी.

हे स्वाभाविकच आहे. जेथे कायदा पोहोचलेला नाही, शेजार नाही, वैद्य नाही, तेथे माणसाला टेकायला दोनच आधार उरतात: रक्ताचे नाते आणि देव. प्रश्न एवढाच की, या आधारांची किंमत कोण मोजतो आणि त्यांची सावली कोणावर पडते? या प्रश्नाला प्रामाणिकपणे भिडलेल्या काही कादंबऱ्या मराठीत फार पूर्वीच आलेल्या आहेत, याचा मात्र आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे.

कॉनरॅड रिक्टर (१८९०–१९६८) या अमेरिकन कादंबरीकाराच्या ‘द ट्रीज’ (१९४०), ‘द फील्ड्स’ (१९४६) आणि ‘द टाउन’ (१९५०) या त्रयीचा अनुवाद जी. ए. कुलकर्णी यांनी साठाच्या दशकात ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी केला. त्रयीतील शेवटच्या कादंबरीला १९५१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. मराठी शीर्षकेच सारी कथा सांगून जातात. रान तोडून शिवार होते, शिवारातून गाव उठते. आणि हे घडवते ती पिस्तूल बाळगणारा कोणी वीर नव्हे, तर सेवर्ड नावाची एक निरक्षर मुलगी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लकेट कुटुंब ओहायो नदीपलीकडच्या निबिड अरण्यात येते. बाप शिकारी वृत्तीचा, पायाला भिंगरी असलेला. आई क्षयाने जाते. धाकटी सूली रानात हरवते आणि बाप तिच्या मागावर जो निघतो, तो घरी परतत नाही. एक बहीण दुसऱ्या बहिणीच्या नवऱ्याबरोबर पळून जाते. भाऊही पुढे बापाच्याच वाटेने जातो. जे जातात त्यांच्या कथा रंगतात; जी राहते तिला चूल पेटती ठेवावी लागते. सेवर्ड राहते. पुढे आपल्या एका मुलीला ती हरवलेल्या बहिणीचे नाव देते, यातच तिच्या निष्ठेची सारी जात कळते.

तिची श्रद्धाही याच जातीची आहे. नवरा पोर्शियस शिकलेला वकील, पण देवाधर्माबाबत साशंक. सेवर्ड त्याच्याशी वाद घालत बसत नाही. वस्तीच्या प्रार्थनामंदिरासाठी मात्र आपल्या जमिनीत जागा देते. आपल्याकडे ज्या बाईने पोथीचे एक पान न वाचता देवघरातला दिवा चुकू दिला नाही, तिला सेवर्डची ओळख करून द्यावी लागणार नाही. पण रिक्टर तिची आरती ओवाळत नाही. याच नवऱ्याला दुसऱ्या स्त्रीपासून मुलगी होते, आणि घराची अब्रू राखण्यासाठी पाळलेले मौन अखेर त्या निरपराध मुलीचा बळी घेते. घर राखले जाते, पण किंमत घराबाहेरच्या पोरीने मोजलेली असते.

हीच दुसरी बाजू रिक्टरच्या ‘द लाइट इन द फॉरेस्ट’ (१९५३) या कादंबरीत अधिक तीव्रतेने येते. तिचाही अनुवाद जी. एं.नी ‘रानातील प्रकाश’ या नावाने केला आहे. लहानपणी आदिवासींच्या हाती लागलेला गोरा मुलगा त्यांच्यातील क्युलोगाचा मुलगा म्हणून वाढतो. १७६४ मध्ये कैदी परत करण्याच्या अटीनुसार त्याला जन्मदात्यांकडे पाठवले जाते. तेथे त्याला भेटतो तो निरपराध कॉनेस्टोगा आदिवासींच्या हत्येचे समर्थन करणारा काका. ही हत्या काल्पनिक नाही. डिसेंबर १७६३ मध्ये पेनसिल्व्हेनियात पॅक्स्टनच्या वसाहतवाल्यांनी अशी वीस माणसे मारली, त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. मारणारे स्वतःला धर्मनिष्ठ ख्रिस्ती म्हणवीत आणि आपापल्या कुटुंबांच्या रक्षणाची भाषा बोलत. उलट आदिवासींच्या बाजूने लढताना या मुलाला शत्रूच्या नावेत आपल्या धाकट्या भावासारखे एक पोर दिसते, तो सावधगिरीची हाक देतो आणि दोन्ही घरांना मुकतो. क्युलोगा त्याचा जीव वाचवतो, पण पुत्र म्हणून त्याला कायमचा दूर करतो.

नियतीपुढे हतबल झालेल्या माणसांच्या कथा लिहिणाऱ्या जी. एं.ना या कादंबऱ्या का भावल्या असाव्यात? तर्क करण्यापेक्षा त्यांच्या आयुष्याकडे पाहावे. बेळगाव-धारवाडच्या मराठी-कानडी सरहद्दीवर त्यांचे आयुष्य गेले. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत त्यांनी अविवाहित राहून मावसबहिणींचा सांभाळ केला. ‘प्रिय बाबुआण्णा’ या पुस्तकात त्या घराचे चित्र बहिणीच्याच लेखणीतून उतरले आहे. ११ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले ते पुण्यात.

आणि पुण्याला तरी हे नवे कोठे आहे? पेठांतील वाड्यांच्या दोन खोल्यांत थोरल्या बहिणीने शाळेत किंवा कचेरीत नोकरी धरायची, धाकट्यांची शिक्षणे पुरी करायची आणि स्वतःच्या लग्नाचा विषय हळूहळू निघेनासा व्हायचा, हे या शहराने अनेक घरांत पाहिले. त्या बहिणींचे पोवाडे कोणी रचले नाहीत. त्यांच्या त्यागाला ‘कर्तव्य’ म्हटले की घरातील इतरांना हिशेब द्यावा लागत नसे. त्याच वाड्यांत भाऊबंदकीही नांदली, आणि जातीबाहेर लग्न केलेल्या लेकराला दार बंद करणारी कुलनिष्ठाही नांदली. निष्ठेची ही दोन्ही रूपे एकाच चुलीवर शिजत होती.

कुटुंबनिष्ठा हा सद्गुण आहे, यात शंका नाही. मात्र त्याची परीक्षा घरातल्यांसाठी आपण काय सोसले एवढ्यावर संपत नाही. आपल्यासाठी सोसणाऱ्या घरच्या माणसाला आपण काय दिले आणि उंबऱ्याबाहेरच्या पोराला कसे वागवले, हेही तिला विचारावे लागते. श्रद्धा हा प्रश्न विचारू देत नसेल, तर तिच्यात आणि पॅक्स्टनच्या प्रार्थनेत फरक तो काय उरला? जी. एं.चे हे अनुवाद ग्रंथालयांच्या कपाटांतून पुन्हा बाहेर काढायला हवेत ते यासाठी. त्यांत बंदुकीचे बार थोडे आहेत. घर मात्र आपल्याला ओळखीचे वाटेल.