वळणावर झुकणारी गाडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुट्टीच्या सकाळी शिरगाव-सोमाटण्याच्या बाजूने लोणावळ्याकडे निघणाऱ्या गाड्यांत हल्ली खाली बसवलेल्या, कडक सस्पेन्शनच्या गाड्या दिसतात. त्यात २०२२ पर्यंत चाकणला बनत असलेली फोक्सवॅगन पोलो असते, कधी रांजणगावची अबार्थ पुंटोही असते. मालकाचं गाडीवरचं प्रेम खरं असतं आणि खर्चही थोडाथोडका नसतो. तो खर्च ऐकीव समजुतींवर वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

सगळ्यात घट्ट रुजलेला समज असा: गाडी वळणावर झुकते म्हणजे तिची पकड सुटते, आणि जाड स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारा, पिळला जाणारा दांडा) टाकला की पकड वाढते. झुकणं कमी होतं हे खरं. पण पकडीचा हिशेब वेगळा आहे. समजा, गाडी ११०० किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १४५ सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वळण घेतलं, तर आतल्या चाकांवरचा सुमारे २१० किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा आकडा वजन, उंची, रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरतो. बारची जाडी त्यात येतच नाही. त्या २१० किलोंतला किती वाटा पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या, एवढंच बार ठरवतो.

इथेच सगळी मेख आहे. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत भाराची अदलाबदल जास्त, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढे जाड बार टाकला तर गाडीचं नाक वळणाबाहेर ओढलं जातं. मागे टाकला तर शेपूट हलकं होतं. आपल्याकडच्या बहुतेक स्पोर्टी हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात आणि मुळातच नाक बाहेर काढतात. अशा गाडीत फक्त पुढचा बार जाड केला की स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद मिळतो, मालक खूश होतो, आणि खंडाळ्याच्या उतारावर वळण आवळत गेलं की तीच गाडी आधीपेक्षा लवकर सरळ जाऊ पाहते. अर्थात, झुकणं रोखण्याचा काहीच फायदा नाही असंही नाही. पुढे स्ट्रट असलेल्या गाडीत बॉडी फार झुकली तर बाहेरचा टायर कडेवर उभा राहतो. तेवढं झुकणं आवरलं तर पकड थोडी वाढते. प्रश्न प्रमाणाचा आहे.

आणि प्रमाण फसवं असतं. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिलिमीटरचा बार काढून २२ चा बसवला, तर त्याच लांबी-आकाराचा बार जवळपास ४६ टक्के कडक होतो. ‘दोनच मिलिमीटर तर वाढवतोय’ म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. पोलोसारख्या गाडीत मागे टॉर्शन बीम असतो. तो स्वतःच पिळला जाऊन बारचं काम करतो, त्यामुळे मागे वेगळा बार दिसला नाही म्हणजे कंपनीने पैसे वाचवले, असं होत नाही.

स्पीडब्रेकरवर गाडी आदळते, त्याचं खापर बारवर फोडणारेही भेटतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली की बार बुशांमध्ये नुसता फिरतो. आदळण्याचं कारण स्प्रिंग, शॉकअप किंवा सस्पेन्शनची संपलेली चाल. बारचा त्रास होतो तो एकच चाक खड्ड्यात गेलं की. पवनानगरच्या बाजूला रस्त्याची कड खचलेली असेल, तर डाव्या चाकाचा धक्का बार उजव्या चाकालाही पोहोचवतो.

गाडी खाली बसवली की ती वळणावर चिकटते, हा समजही तपासून पाहू. वरच्याच गाडीची उंची ३० मिलिमीटरने कमी केली तर सरकणारा भार २१० वरून १९७ किलोंच्या आसपास येतो. एवढाच लाभ. स्ट्रटच्या गाडीत खालचे आर्म उलटे कलतात आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणून स्प्रिंग पुरेशा कडक नसतील तर गाडी उलट जास्त झुकू शकते. शिवाय चाल कमी झाल्याने सस्पेन्शन बंपस्टॉपवर टेकतं आणि भर वळणात तेवढ्या क्षणापुरती पकड तुटते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावोगावचे त्याहून अरुंद आणि उभे असतात, आणि खाली बसवलेल्या गाडीचं पोट त्यांवर घासतं.

पावसाचं तर सांगायलाच हवं. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ओल्या रस्त्यावर वळणाचा जोरच कमी ठेवावा लागतो, म्हणून गाडी झुकतेही कमी. तेव्हा कडक बारचा फायदा उरत नाही, तोटा मात्र पूर्ण राहतो.

‘बिलावर कंपनीचं नाव आहे, म्हणजे बदल कायदेशीर,’ हेही खरं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेत केलेल्या बदलांना आळा घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारावं.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा: आधी चांगले टायर आणि त्यांतली योग्य हवा, मग झिजलेले बुश आणि लिंक रॉड, मग शॉकअप आणि अलाइनमेंट. जुन्या गाडीचं ‘ढिलेपण’ बहुतेक वेळा इथेच संपतं. तरीही बार हवाच असेल, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा घ्यावा, एकच पायरी जाड आणि दोन-तीन छिद्रांचा. टोकाच्या छिद्रात लिंक लावली की बारचा हात लांब होतो आणि बार मऊ पडतो. सुरुवात तिथूनच करावी, आणि पुढे कधी आतल्या छिद्रावर गेलात तरी पावसाळ्याआधी, मे संपायच्या आत लिंक पुन्हा टोकाला आणावी.