घरच्या सर्व्हरच्या नोंदी : काय गाळायचं आणि काय ठेवायचं

आजचा विषय किरकोळ वाटेल, पण घरी छोटा सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी छळतो. रास्पबेरी पाय असेल नाहीतर जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन किंवा उबुंटू असतं, घरातले फोटो ठेवलेले असतात आणि सिस्टिम लॉग, म्हणजे यंत्राची रोजनिशी, भरत असते. ती उघडावी तर एकाच साच्याच्या शेकडो ओळी. मग माणूस लॉग बघणंच सोडतो, नाहीतर वैतागून सगळं बंद करून टाकतो. परिणाम एकच. डिस्क शेवटच्या घटका मोजत असते, यंत्र ते सांगतही असतं, आणि ऐकायला कोणी नसतं. म्हणून नोंदी गाळायच्या कशा हे तर बघूच, पण कुठल्या नोंदींना हात लावायचा नाही तेही बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिसलॉग ही पद्धत १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर आणली. तिच्यात प्रत्येक संदेशाला दोन खुणा असतात. एक विभाग : कर्नल, मेल, लॉगिन वगैरे. दुसरी तीव्रता, शून्य ते सात. शून्य म्हणजे आणीबाणी, दोन क्रिटिकल, तीन एरर, चार वॉर्निंग, सहा इन्फो, सात डीबग. आकडा जितका लहान तितकं प्रकरण गंभीर. विभागाच्या क्रमांकाला आठने गुणायचं आणि तीव्रता मिळवायची, की संदेशाचा एकच आकडा तयार होतो. समजा ८६ आला. आठ दाहे ऐंशी, वर सहा. म्हणजे दहावा विभाग, लॉगिन आणि परवानग्यांचा, आणि तीव्रता इन्फो.

आता गोंगाट येतो कुठून? क्रॉनचं उदाहरण घ्या. दर पाच मिनिटांनी चालणारं एकच काम आहे. डेबियनवर त्याच्या प्रत्येक फेरीला साधारण तीन ओळी पडतात : सेशन उघडलं, अमुक कमांड चालवली, सेशन बंद झालं. दिवसाला २८८ फेऱ्या, म्हणजे ८६४ ओळी. एका कामाच्या! अशी चार कामं असली की बाकीचं काही दिसेनासं होतं.

इथे बहुतेकांच्या मनात पहिला उपाय येतो तो असा : तीव्रता आहेच ना, मग वॉर्निंगच्या खालचं सगळं फेकून देऊ. थांबा. तीव्रता ठरवतो तो प्रोग्रॅम लिहिणारा, तुमच्या घरची परिस्थिती त्याला माहीत नसते. एसएसएचवर कोणी चुकीचा पासवर्ड टाकला, तर ती नोंद इन्फो या पातळीवर होते. फेल-टू-बॅन नावाचा पहारेकरी याच ओळी वाचून, मूळ सेटिंगप्रमाणे दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की तो पत्ता अडवतो. तुम्ही इन्फो गाळलंत की पहारेकरी जागेवर उभा आहे, पण त्याचे डोळे बांधलेले. तो तक्रारही करणार नाही, कारण त्याच्या लेखी कोणी आलेलंच नाही.

मग करायचं काय? मी चार पायऱ्या सांगतो, याच क्रमाने जा.

पहिली पायरी, गोंगाट उगमाशीच कमी करा. ते क्रॉनचं काम पाच मिनिटांनी खरंच लागतं का? तासाला एकदा चालत असेल तर ८६४ च्या ७२ ओळी होतात, आणि गाळणी लावायची गरजच उरत नाही. एखाद्या सेवेचं डीबग चालू राहिलं असेल तर तिच्याच सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

दुसरी पायरी, एकाच सेवेपुरती मर्यादा. सिस्टिमडीमध्ये प्रत्येक सेवेच्या फाइलमध्ये ‘लॉगलेव्हलमॅक्स’ अशी ओळ घालता येते. बडबड करणाऱ्या मीडिया सर्व्हरला तिथे वॉर्निंग लिहा. त्याची बडबड थांबते, बाकी कोणाला धक्का लागत नाही. अर्थात त्या सेवेची इन्फो नोंद दुसरा कोणता प्रोग्रॅम वाचत नाही ना, एवढं आधी बघायचं.

तिसरी पायरी, मजकूर बघून गाळणं. हे काम आरसिसलॉगचं. त्याच्या नियमांच्या फाइली ईटीसीखाली आरसिसलॉग डॉट डी या फोल्डरमध्ये असतात आणि नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. म्हणून तर नावाआधी आकडा असतो. उबुंटूवर नेहमीचे नियम पन्नास आकड्याच्या फाइलमध्ये आहेत. तुमचा नियम साठ आकड्याने ठेवलात तर संदेश आधीच लिहून झालेला असतो. दहा किंवा वीस ठेवा. नियमात दोन अटी एकत्र घाला : प्रोग्रॅमचं नाव क्रॉन, आणि मजकुरात सेशन उघडल्याचे किंवा बंद झाल्याचे शब्द. दोन्ही जुळलं तरच ‘स्टॉप’. डेबियनवर हे नाव कॅपिटल अक्षरांत येतं आणि तुलना अक्षरशः होते, तेव्हा लॉगमध्ये दिसतं तसंच लिहा. कमांड चालवल्याची ओळ मात्र राहू द्या. उद्या कोणी गुपचूप नवं काम घुसवलं, तर तीच ओळ सांगेल. आणि फक्त विभाग बघून गाळू नका. सेशनच्या या ओळी लॉगिनच्या विभागात येतात, एसएसएचच्याही तिथेच.

नियम लिहिल्यावर आरसिसलॉगडी ‘डॅश एन वन’ देऊन चालवा, व्याकरणाची चूक असेल तर तो सांगतो. मग सेवा पुन्हा सुरू करा, आणि ‘लॉगर’ या कमांडने दोन खोटे संदेश पाठवा : एक गाळला जायला हवा असा, एक राहायला हवा असा. दुसरी चाचणी लोक विसरतात. जे राहायला हवं ते राहिलं का, हे तपासल्याशिवाय उठायचं नाही.

समोरून प्रश्न आलाय : “नियम लावला, तरी जर्नलसीटीएलमध्ये त्या ओळी दिसतातच. असं का?” बरोबर आहे तुमचं. जर्नल ही वेगळी वही आहे. आरसिसलॉगचा नियम त्याच्या स्वतःच्या फाइलींपुरता चालतो, जर्नलला हात लावत नाही. डेबियन १२ मध्ये तर आरसिसलॉग मुळात बसवलेलाच नसतो. तिथे दुसरी पायरी वापरा, नाहीतर चौथी.

चौथी पायरी, सगळ्यात कमी जोखमीची : लिहिताना काही गाळू नका, वाचताना गाळा. जर्नलसीटीएलला ‘डॅश पी वॉर्निंग’ दिलं की वॉर्निंग आणि त्याहून गंभीर तेवढंच दिसतं. एका सेवेचंच बघायचं तर ‘डॅश यू’ आणि सेवेचं नाव. मूळ नोंद शाबूत राहते. जागेची काळजी असेल तर जर्नलच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिममॅक्सयूज’ने कमाल आकार ठरवा. जुनं आपोआप जाईल.

आता हात न लावण्याच्या गोष्टी. रास्पबेरी पाय ‘अंडर-व्होल्टेज’ असं सारखं म्हणतो, आणि ती ओळ गाळायचा मोह होतो. पाच व्होल्टचा पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली घसरला की ती येते. उपाय आहे चांगला अडॅप्टर आणि चांगली वायर, गाळणी नव्हे. लिहिताना वीज कमी पडली तर कार्डावरचा डेटा बिघडू शकतो. दुसरी ओळ स्मार्टडीची : डिस्कवर काही सेक्टर वाचता येत नाहीत. स्मार्टडी मूळ सेटिंगला दर अर्ध्या तासाने तपासणी करतो, म्हणजे तीच तक्रार दिवसात ४८ वेळा येऊ शकते. कटकट वाटते खरी, पण पोरांचे लहानपणापासूनचे फोटो त्या डिस्कवर असतील तर त्या दिवशीचं पहिलं काम बॅकअप, दुसरं नवी डिस्क.

तेव्हा एखादी ओळ गाळण्याआधी एकच विचारा : ही ओळ उद्यापासून आली नाही, तर माझं काय नुकसान होऊ शकतं? “काहीच नाही” असं खात्रीने म्हणता आलं तरच गाळा. आणि नियमाच्या वर एका ओळीत टीप लिहून ठेवा, का गाळलं आणि कधी. सहा महिन्यांनी तुम्हालाच ती लागणार आहे.