अक्षरांचे न दिसणारे काम

पनवेल हे नाव वाचायला क्षणही लागत नाही. त्यातला ‘ल’ पाकळीचा आहे की उजवीकडे उभा दंड असलेला, हे पाटी वाचणाऱ्याच्या सहसा ध्यानातही येत नाही. मराठीत पाकळीचा ल रूढ आहे, हिंदीत दंडाचा. युनिकोडमध्ये दोन्हींचा संकेतांक एकच असल्याने कोणता ल उमटेल हे फाँटवर अवलंबून असते. म्हणूनच हिंदी वळणाच्या फाँटमध्ये केलेली मराठी पाटी शुद्ध असूनही किंचित परकी वाटते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने ल आणि श यांची मराठी वळणे ठरवून दिली.

काही तपशिलांवर तर अर्थच टांगलेला असतो. पनवेलच्या एका अंगाला खाडी आणि पुढे दर्या. दुसऱ्या अंगाला माथेरानच्या दऱ्या. या दोन शब्दांत फरक आहे तो फक्त रफाराचा आणि आडव्या अर्ध्या ऱ चा. फाँटमध्ये ‘ऱ्य’ नसेल तर डोंगराच्या वर्णनात समुद्र उमटतो. बारीक छपाईत ध च्या माथ्यावरची फट शाईने बुजली, की धारेची घार होते.

खिळ्यांच्या काळात हा विचार हाताने होत असे. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ मध्ये मुंबईत टाइप फाउंड्री सुरू केली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या देखण्या अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांचे पंच कोरण्याचे कसब होते. पोलादी पंचावरून साचा, साच्यातून शिशाचा खिळा. प्रत्येक आकारासाठी पंच वेगळा. त्यामुळे लहान अक्षराच्या पोटात जास्त मोकळी जागा ठेवता येई. आज बहुतेक वेळा एकच रेखाटन लहानमोठे केले जाते, आणि ही सोय हातची जाते.

ओळींमधल्या अंतराकडे तर सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ‘मूर्तींकडे’ या शब्दात एकाच अक्षरावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार येतात. शिवाय म च्या खाली ऊकार असतोच. रोमन लिपीला पुरणारे अंतर इथे ठेवले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. वाचक तक्रार करत नाही. तो थकतो आणि मजकूर अर्धवट सोडतो. ही हानी मोठी आहे, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही.

पाटी, पत्रिका किंवा पुस्तक छापून घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष आकारात एक प्रत काढावी आणि ल, ऱ्य, ध व रफारावरचा अनुस्वार तपासूनच छपाईला संमती द्यावी.