बर्फाखालचा मासा आणि गोदावरीतला मागूर

मागच्या हिवाळ्यात मेसमधून जेवून आलो आणि रूमवर सगळे मिळून एक व्हिडिओ बघत बसलो. अमेरिकेतलं गोठलेलं तळं. त्यावर एक माणूस स्टूल टाकून बसलेला, बर्फाला ड्रिलनं भोक पाडून त्यात गळ सोडलेला. बऱ्याच वेळानं वर आला तो मिशीवाला मासा! आमचा भोकरचा दोस्त लगेच म्हणाला, "हा तर आपला मागूरच की रे!" दुसऱ्यानं विचारलं, "वर सगळा बर्फ, मग हा जिवंत कसा?" प्रश्न साधा होता, पण फर्स्ट इयरचं फिजिक्स करूनही चौघांपैकी एकालाही धड सांगता आलं नाही. म्हणून हा लेख.

तो मासा मागूर नव्हता, चॅनेल कॅटफिश होता. पण कूळ एकच. अंगावर खवले नाहीत आणि तोंडाभोवती मिशा. या मिशांनी तो गढूळ पाण्यात, अंधारातही चव घेत अन्न शोधतो. आपल्या गोदावरीतले शिंगाळा, शिवडा, मागूर हे सगळे याच गोतातले.

आता बर्फाचं बघू. बहुतेक पदार्थ थंड झाले की जड होतात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्याखाली गेलं की पुन्हा हलकं होऊ लागतं, आणि बर्फ तर पाण्यापेक्षा साधारण ८ टक्के हलका. म्हणून तळं वरून गोठतं आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी शिल्लक राहतं. मासा तिथंच राहतो. थंड रक्ताचा प्राणी असल्यानं त्याच्या शरीराचा कारभार मंदावतो. ढोबळ हिशेब असा की, तापमान १० अंशांनी उतरलं की ऑक्सिजनची गरज जवळपास निम्म्यावर येते. शिवाय थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. ० अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम ७.५. म्हणजे गरज कमी अन् पुरवठा जास्त!

मग नांदेडला गोदावरी का गोठत नाही? इथं पहाटे कितीही हुडहुडी भरली तरी दुपारी ऊन असतंच. आणि हिशेब करून बघा. २० अंशांचं एक ग्रॅम पाणी शून्यावर आणायला २० कॅलरी काढाव्या लागतात, पण त्याचा बर्फ करायला आणखी ८० कॅलरी. थर्मोच्या पेपरात आपण पाठ करतो तीच ही लेटंट हीट. विष्णुपुरीच्या जलाशयातून एवढी उष्णता काढून न्यायची ताकद आपल्या थंडीत नाही. तरीही इथले मासे हिवाळ्यात सुस्तावतात, खोल डोहात उतरतात आणि गळाला उशिरा लागतात. म्हणून थंडीत गळ तळाशी सोडायचा, आमिष वासाचं लावायचं आणि धीर धरायचा. बर्फावरचा तो माणूस नेमकं हेच करत होता.

आपल्या माशाची परीक्षा खरं म्हणजे मे महिन्यात असते. पाणी तापतं, ऑक्सिजन घटतो आणि माशाची गरज मात्र वाढते. सगळं गणितच उलटं. तिथं मागूर तरतो, कारण कल्ल्यांच्या जोडीला त्याच्याकडे हवेतून श्वास घ्यायचा अवयव आहे. थोड्या पाण्यात, चिखलातही तो तग धरतो. पण पाणीच संपलं तर? लातूरकरांना हे सांगायला नको. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसांसाठी रेल्वे आली, पण माशांसाठी कुठून येणार?

दुसरं संकट बाजारातच बसलेलं आहे. थाई मागूर नावानं विकला जाणारा मासा मूळचा आफ्रिकेतला. तोही हवेतून श्वास घेतो, भराभर वाढतो, मिळेल ते खातो आणि स्थानिक मासे फस्त करतो. भारतात त्यावर २००० सालीच बंदी आली. २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याचे साठे नष्ट करण्यात आले. तरी चोरून पाळणारे आहेतच. ओळखायची एक सोपी खूण म्हणजे आकार. देशी मागूर वाढून वाढून हातभर होतो. दोन-तीन किलोचा मागूर कोणी स्वस्तात दाखवला तर समजा, तो आपला नव्हे.

तर मित्रांनो, रविवारी मासे आणायची पाळी तुमची असेल तर एवढं लक्षात ठेवा. आणि 'बिचारा जगेल' म्हणून असला जिवंत मासा नदीत किंवा विहिरीत सोडू नका. तो जगेलच हो, पण बाकीचे जगणार नाहीत. ४ अंशांची सवलत निसर्गानं बर्फाखालच्या माशाला दिली. आपल्याकडच्या माशाला हवं फक्त पाणी, आणि त्यात परका शेजारी नको. एवढं तरी आपल्या हातात आहे ना?