वेषांतराचे नाट्य : ‘ट्वेल्फ्थ नाइट’

जहाज फुटल्यामुळे इलिरियाच्या किनाऱ्यास लागलेली व्हायोला जेव्हा पुरुषवेष धारण करून, ‘सिझारिओ’ या नावाने, ड्यूक ऑर्सिनोच्या चाकरीस राहते आणि ज्याच्यावर स्वतःचे मन जडले त्याचाच प्रणयसंदेश घेऊन ऑलिव्हियाकडे जाते, तेव्हा ऑलिव्हिया त्या दूतावरच अनुरक्त होते; पुढे व्हायोलाचा जुळा भाऊ सेबॅस्टियन तेथे येताच उभयतांच्या सादृश्यातून उद्भवलेला भ्रमच अखेर दोन विवाहांची वाट मोकळी करतो.

शेक्सपिअरच्या या सुखांतिकेच्या प्रयोगाचा सर्वांत जुना दाखला लंडनच्या ‘मिडल टेंपल’ या कायदेपंडितांच्या संस्थेतील जॉन मॅनिंगहॅम या विद्यार्थ्याच्या रोजनिशीत, फेब्रुवारी १६०२ मध्ये, आढळतो. प्लॉटसच्या जुळ्या भावांवरील रोमन प्रहसनाशी असलेले तिचे साम्यही त्याने तेथेच नोंदविले आहे. संहिता मात्र १६२३ साली, नाटककाराच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, छापली गेली.

त्या काळच्या इंग्लंडात व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका किशोरवयीन मुलगेच करीत असल्यामुळे, प्रेक्षकांसमोर मुलगा स्त्री होई आणि ती स्त्री पुनश्च पुरुष होई. या दुहेरी रूपांतराचे मर्म शेक्सपिअरने इतके अचूक ओळखले होते की, सत्य प्रकट झाल्यावरही व्हायोला पडदा पडेपर्यंत पुरुषवेषातच राहते.