योजनेत काय बसतं?

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर अभनपूर येतं. ब्लॉकचं ठिकाण, आजूबाजूला नजर पोचेल तिथवर भाताची खाचरं आणि राजिमच्या त्रिवेणी संगमाकडे जाणारा फाटा. एके काळी रायपूर–धमतरी नॅरोगेजची छोटी गाडी इथे थांबायची, राजिमची शाखाही इथूनच फुटायची. ती गाडी इतिहासजमा झाली. 30 मार्च 2025 पासून नवा रायपूरमार्गे मोठ्या रुळांवरची मेमू अभनपूरपर्यंत येऊ लागली. हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. 1854 पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि पुढे 1956 पर्यंत इथला राज्यकारभार नागपुरातूनच चाले.

2012 च्या पावसाळ्यात याच ब्लॉकमधल्या काही खेड्यांची नावं देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. खाजगी नर्सिंग होममध्ये बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली जात होती आणि त्याचं बिल सरकारी आरोग्य विम्याच्या स्मार्ट कार्डावर लागत होतं. प्रकरण विधानसभेत गाजलं, चौकशा बसल्या, काही डॉक्टरांची नोंदणी निलंबित झाली. छत्तीसगढमध्ये त्याला आजही ‘गर्भाशय कांड’ म्हणतात.

सरकारी आरोग्य विम्याचा आढावा बहुतेक वेळा वाटलेल्या कार्डांच्या संख्येनं सुरू होतो आणि मंजूर दाव्यांच्या रकमेनं संपतो. त्या आकड्यांतून कुणाचा जीव वाचला आणि कुणाचं विनाकारण पोट फाडलं गेलं, हे काही कळत नाही. म्हणून अभनपुरापासून सुरुवात. दवाखान्याच्या खिडकीवर नातेवाईक सगळ्यात आधी विचारतात तो प्रश्न असतो, ‘हे योजनेत बसतं का?’ या प्रश्नाचं उत्तर आजार कोणता यावर ठरायला हवं. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटं घडतं. योजनेत काय बसतं, त्यावर आजार ठरतो.

ते कसं, हे समजायला जुन्या कार्डाचा हिशेब बघावा लागतो. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना 2008 साली सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबानं 30 रुपये भरायचे, पाच जणांचं नाव कार्डावर चढायचं आणि वर्षाला 30 हजार रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मोफत. जाण्यायेण्यासाठी दर खेपेला 100 रुपये वेगळे. छत्तीसगढनं 2012 मध्ये मुख्यमंत्री स्वास्थ्य विमा योजना आणून दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबांनाही तसंच कार्ड दिलं. सगळ्यांना कार्ड देऊ पाहणारं असं राज्य तेव्हा विरळाच, याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण कार्ड चालायचं फक्त खाटेवर. दाखल व्हाल तर पैसे, बाहेरून तपासून घरी जाल तर शून्य. दाखल झाल्यावरही दोन तऱ्हा. शस्त्रक्रियेला ठोक रक्कम ठरलेली, म्हणजे पॅकेज. औषधोपचाराच्या आजाराला दिवसाचा दर, साध्या वॉर्डात 500 रुपये आणि अतिदक्षता विभागात 1000. न्यूमोनियाचा पेशंट चार दिवस ठेवला तर दोन हजार. ऑपरेशन केलं तर त्याच्या कितीतरी पट. हे गणित मांडणाऱ्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, पण गणित मांडलेलं होतं आणि ते सोडवायला कुणीतरी बसणारच होतं.

आता भाताच्या पट्ट्यातली एक बाई घ्या. वय पस्तिशीच्या आत. दोन-तीन बाळंतपणं, मग नसबंदी. रोपणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात सकाळपासून वाकून उभं राहणं. अंगावरून पांढरं जातंय, पाठ भरून येते, पाळी कधी महिन्यातून दोनदा. यातलं पुष्कळसं जंतुसंसर्गाचं असतं, काही रक्तक्षयाचं, काही संप्रेरकांचं. तपासणी, सोनोग्राफी, गोळ्यांचा एक कोर्स, नवऱ्यालाही औषध, महिन्यानं पुन्हा बघणं, हा त्यावरचा रास्त मार्ग. यातली एकही गोष्ट कार्डात बसत नव्हती. सोनोग्राफीचे पैसे खिशातून, गोळ्यांचे खिशातून, बसभाडं आणि बुडालेली मजुरी पदरची. पिशवी काढायची तर मात्र सगळं फुकट, वर 100 रुपये. त्यात कुणी ‘आत्ता काढली नाहीत तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं की संपलंच. अनेक बायकांनी नंतर सांगितलं ते हेच, त्यांना कॅन्सरची भीती घातली गेली. भीती खरी होती. ती तपासून बघण्याची सोय नव्हती.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. सगळं खापर विम्यावर फोडणं सोपं आहे, आणि ते अर्धवट आहे. आपलं बीड घ्या. 2019 मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे अशी ऑपरेशनं मुख्यतः मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर किंवा उसनवारीवर झाली होती. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, एक दिवस खाडा पडला की दंड, फडावर ना आडोसा ना पाणी. पाळीचे चार दिवस परवडत नाहीत म्हणून बाई स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेली, आणि डॉक्टरनं नाही म्हटलं नाही. म्हणजे रोग जुना आहे. गरीब बाईचं मूल होऊन गेलं की तिची पिशवी बिनकामाची, ही समजूत डॉक्टरांत आहे, घरात आहे आणि खुद्द बायकांतही आहे. कार्डानं ही समजूत निर्माण केली नाही. कार्डानं तिला भाव दिला.

2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं देशाचं चित्र प्रथमच मोजलं. 15 ते 49 वयाच्या दर शंभरातल्या तिघींहून थोड्या जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. आंध्र प्रदेशात हेच प्रमाण जवळजवळ नऊ. आणि निम्म्या जणींवर ही शस्त्रक्रिया चौतिशीच्या आसपास किंवा त्याआधी झालेली. ज्या वयात शहरातली एखादी बाई पहिल्या मुलाची तयारी करते, त्या वयात.

आंध्रचं नाव पुढे असणं बोलकं आहे. 2007 मध्ये तिथे सुरू झालेली आरोग्यश्री ही पुढच्या बहुतेक योजनांची आई. महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना त्याच घाटावर बेतलेली. ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली 2 जुलै 2012 ला, म्हणजे अभनपूरची बातमी गाजत होती त्याच महिन्यात. आंध्रनं ठेच खाऊन गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांकडून काढून सरकारी रुग्णालयांकडे वळवल्या. काही पॅकेजं सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवायची, ही युक्ती पुढे अनेक राज्यांनी उचलली. युक्ती चांगली आहे, पण ती चालायला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघंही हवेत. ज्या तालुक्यात ते नाहीत तिथे राखून ठेवणं म्हणजे नाकारणंच. जिला खरोखर मोठी गाठ आहे, रक्तस्राव थांबत नाही, तिनं कुठे जायचं?

23 सप्टेंबर 2018 ला आयुष्मान भारत, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि 30 हजारांचे पाच लाख झाले. पहिल्या काही महिन्यांचे दावे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणानं तपासले, तेव्हा गर्भाशय काढण्याच्या दाव्यांत छत्तीसगढचा वाटा देशात सर्वांत मोठा निघाला, सुमारे 21 टक्के. महाराष्ट्रही पहिल्या सहांत होता. छत्तीसगढची लोकसंख्या देशाच्या जेमतेम दोन टक्के. कार्डाचा सराव या राज्यात आधीपासून होता, हा मुद्दा धरूनही आकडा डोळ्यांवर येतोच. त्यानंतर या शस्त्रक्रियेसाठी उपचाराची मार्गदर्शक सूत्रं निघाली. पूर्वमंजुरीसाठी कोणती कागदपत्रं हवीत, कोणते उपचार आधी करून बघायचे, वगैरे.

न्यायालयाची वाट मात्र लांबची निघाली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी बिहार, राजस्थान आणि छत्तीसगढमधल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. निकाल लागला 5 एप्रिल 2023 ला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं केंद्राची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सगळ्या राज्यांना बजावलं. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आणि दोषी रुग्णालयांना काळ्या यादीत टाकण्याची तरतूद त्यात आहे. दहा वर्षं. तोवर मूळ स्मार्ट कार्डची योजनाच बंद होऊन गेली होती.

आज अभनपूरच्या माणसाच्या हातात जे कार्ड आहे, त्याची वंशावळ जरा लांबलचक. जानेवारी 2020 मध्ये राज्यानं सगळ्या योजना एकत्र करून डॉ. खूबचंद बघेल यांचं नाव दिलं. बघेल रायपूरजवळच्या पथरीचे, डॉक्टरकी शिकले नागपुरात, स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि छत्तीसगढच्या वेगळ्या राज्याचं स्वप्न बघणाऱ्यांत अग्रभागी राहिले. सरकार बदललं, नाव बदललं, आता योजना शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावानं चालते. सोनाखानच्या या जमीनदाराला इंग्रजांनी डिसेंबर 1857 मध्ये रायपुरात फाशी दिलं. दोन्ही नावं थोरच, पण कार्डधारकाला नाव बदललं की धाकधूक होते की जुनं चालेल का. आपल्याकडेही जीवनदायीचं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, तेव्हा हेच घडलं.

आतला माल मात्र बराच सुधारला आहे. अंत्योदय आणि प्राधान्य शिधापत्रिका असलेल्यांना वर्षाला पाच लाख, इतर शिधापत्रिकाधारकांना 50 हजार. 1900 हून अधिक उपचार. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि सुटी झाल्यानंतरचे पंधरा दिवस यांतल्या तपासण्या-औषधंही आता पॅकेजात धरतात. डायलिसिस, केमोथेरपी, हृदयाची झडप, अपघातातली मोडलेली हाडं, नवजात बाळाची काचपेटी. पूर्वी यासाठी शेतकरी जमीन विकायचा. योजनेवर टीका करणाऱ्यांनीही हे मान्य करावं. शेजारच्या नवा रायपुरात तर श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात आणि तिथे बिलाची खिडकीच नाही. असंही चालू शकतं, एवढं तरी त्यातून दिसतं.

बाकीच्या ठिकाणी खिडकी असते आणि तिच्यामागे आयुष्मान मित्र बसलेला असतो. आधार कार्ड, शिधापत्रिका, अंगठा. उन्हात राबून राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे अंगठा पहिल्या फटक्यात उमटत नाही. बोट पदराला पुसायचं, पुन्हा टेकवायचं, मग दुसरं बोट. तोवर मागची रांग कुरकुरते. मंजुरीसाठी रिपोर्ट वर चढवायचे, खाटेवरच्या पेशंटचा फोटो काढायचा. मंजुरी आली तर ठीक. नाही आली तर ‘तोवर इतके भरून ठेवा’ असं हळू आवाजात सांगितलं जातं. योजनेत रोखीला थारा नाही, तरी रोख मागितली जाते. समीर गर्ग आणि सहकाऱ्यांनी छत्तीसगढमध्ये केलेल्या अभ्यासात, पाच लाखांचं कवच आल्यानंतरही कुटुंबांचा खिशातून होणारा खर्च घटल्याचं दिसलं नाही. रुग्णालयांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. दर परवडत नाहीत, सरकारकडून पैसे महिनोन्‌महिने थकतात. पण ही थकबाकी शेवटी वसूल होते ती खाटेवरच्या माणसाकडून.

विम्याच्या वाटेनं हे सुटणार नाही, असं म्हणणारे लोक राज्यात होतेच. 2019 मध्ये आरोग्यमंत्री टी. एस. सिंहदेव आयुष्मानमधून बाहेर पडून सरकारी यंत्रणेतून सार्वत्रिक आरोग्यसेवा देण्याची भाषा करत होते. ते घडलं नाही. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला सुरू झालेली हाट बाजार क्लिनिक योजना मात्र मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते. आठवडी बाजाराच्या दिवशी फिरता दवाखाना बाजारातच उभा राहायचा. भाजी विकायला आलेल्या बाईनं तिथेच रक्तदाब मोजून घ्यायचा, रक्त तपासायचं, गोळ्या घ्यायच्या आणि टोपली उचलून घरी जायचं. मजुरी बुडत नाही, खाट लागत नाही, पॅकेज लागत नाही. शंकर गुहा नियोगींच्या खाण कामगार संघटनेनं दल्ली राजहरात 1983 मध्ये शहीद हॉस्पिटल काढलं, त्यामागचा हिशेबही असाच साधा होता. आणि 2002 पासून गावोगाव काम करणारी मितानिन आहेच. आपल्या आशाताईंची ती थोरली बहीण म्हणता येईल, कारण आशा योजना निघाली ती तिचा अनुभव बघून. 2012 च्या आधी कुठल्या गल्लीत कुणाची पिशवी काढली गेली, हे विमा कंपनीच्या संगणकाआधी अशाच कुणाला तरी ठाऊक असणार. तिला कुणी विचारत नव्हतं.

त्या वेळी तिशीत असलेल्या बायका आज पंचेचाळिशीत, पन्नाशीत आहेत. गर्भाशयाबरोबर अंडाशयही गेलं असेल तर पाळी जाण्याचं वय त्यांना दहा-पंधरा वर्षं आधीच गाठून गेलं. अंगातून वाफा निघणं, झोप न लागणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा वाढलेला धोका. हाडांची घनता तपासणं, कॅल्शियम, संप्रेरकांच्या गोळ्या, दर सहा महिन्यांनी डॉक्टरला दाखवणं, हे सगळं बाह्यरुग्ण विभागाचं काम. म्हणजे जिथे कार्डाचं राज्य पोचत नाही तिथलं. अभनपूरच्या बाईनं आज हे मागितलं तर खिडकीवरून उत्तर येईल की हे योजनेत बसत नाही. उद्या खाचराच्या बांधावरून घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तर त्याला मात्र पॅकेज आहे.